कस्नादींचा ओ

सुलासिहनं पांढरं कापड ओसरीवर अंथरलं. कस्नादींनी डाव्या हातानं उजव्या हातात ब्रश बसवला.

अर्धांगाच्या झटक्यानंतर आठ महिन्यांनी आलेलं हे पहिलंच काम. लामोंगानच्या माणसानं परगावी तळलेल्या मांगूर माशाची गाडी टाकावी आणि तिच्यापुढं लावायचा नावाचा पडदा कस्नादींकडूनच रंगवून न्यावा, ही गावाची रीत. सुलासिहचा नवरा रोकिम गेला, पाठोपाठ त्याचा पडदाही वाऱ्यानं फाटला. त्याच्याच नावाचा नवा पडदा न्यायला ती पार बेकासीहून आली होती.

"कशाला हात दाखवून अवलक्षण?" बायको सुमियाती दारातून म्हणाली.

"तू तुझा भात बघ."

रोकिममधला इंग्रजी आर कसाबसा उतरला. मग आला ओ. कस्नादींचा ओ म्हणजे गरगरीत, पोट सुटलेला, रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक ओढून आणणारा. चाळीस वर्षं तो त्यांनी एका दमात काढला होता. आज ब्रश अर्ध्या वाटेत थरथरला आणि रंग ओघळला.

सुलासिह घुटमळली. कस्नादींना सारं गाव पाकदे, म्हणजे मोठे काका, म्हणायचं. "पाकदे, रागवू नका. पण हा तुमचा नाही वाटत."

"मग कुणाचा?"

तिनं पिशवीतून फ्लेक्सची गुंडाळी काढून उलगडली. तात्पुरती म्हणून बेकासीत छापून घेतलेली. त्यावर 'रोकिम', ठसठशीत, गुबगुबीत.

"तुमचा असा असतो. दुकानदारानं विचारलं, कस्नादी लावू का? म्हटलं, तुम्ही ओळखता त्यांना? हसायलाच लागला मेला. म्हणे, बाई, तो माणूस नाही, फॉन्ट आहे."

दोन वर्षांपूर्वी शहरातली एक विद्यार्थिनी आली होती. तुमची अक्षरं जपून ठेवते, म्हणाली. कस्नादींनी दोन दिवस बसून तिला ए टू झेड काढून दिली होती, सुमियातीनं प्रेमानं जेवू घातलं होतं. पोरीनं शब्द पाळला होता. दोष तरी कुणाला द्यायचा?

"मग हाच लाव की."

"फ्लेक्समधून दिव्याचा उजेड फाकत नाही, पाकदे. आणि आमच्या ह्यांना तुमच्या हातचाच हवा असायचा."

कस्नादींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी डागाळलेलं कापड बाजूला सारलं, फ्लेक्स जमिनीवर अंथरला आणि त्यावर नवं पातळ कापड ताणलं. खालची अक्षरं अंधुक दिसू लागली.

"कडा घट्ट धर, पोरी," ते म्हणाले, आणि स्वतःचाच ओ गिरवायला बसले.

पहिल्याच वळणावर ब्रश रेषेबाहेर गेला.

"छान जमतंय, पाकदे," सुलासिह म्हणाली. ती रस्त्याकडे बघत होती.