तुटक्या शेपटीचा मासा

ओलं फडकं पुन्हा एकदा फिरवलं तेव्हा मासे दिसले, आणि रंगवालीचा हात जागच्या जागी थांबला.

कॉम्प्युटरच्या जुन्या सीपीयूचा डबा होता तो. मूळचा सायीच्या रंगाचा, उन्हाने म्हाताऱ्याच्या दातांसारखा पिवळा पडलेला. असे डबे लोक हौसेने तिच्याकडे आणत. ती ते घासूनपुसून काळे, निळे, कोणाला हवेत तर वाघाच्या पट्ट्यांचे करून देई. जिथे कधीकाळी स्टिकर लावलेलं असतं तिथलं प्लास्टिक पिवळं पडत नाही, हे तिला रोजचंच. पण स्टिकरच्या जागी उरलेले हे तीन फिकट मासे ओळखीचे होते. सगळ्यांत छोट्याची अर्धी शेपटी नव्हती. ती पोरीने लहानपणी दातांनी तोडली होती, आणि गिळली की काय म्हणून रंगवालीने तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं होतं. त्या घरात.

"काही अडचण?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"छे. धूळ फार आहे."

माणूस अनोळखी होता, बूट आरशासारखे चकचकीत. डब्याच्या पोटात काहीच नव्हतं, ना पंखा, ना तारा. हौशी लोक आतल्या एकेका पंख्यावर तासभर डोकं खातात. ह्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"आतलं सामान?"

"बसवू मागाहून. तुमच्या कामाचे फोटो पाहिले होते. प्रत्येक डब्याच्या कोपऱ्यात तुम्ही एक छोटा मासा काढता ना, तो फार आवडला."

तो मासा म्हणजे तिची सही. त्यावरून कोणी आपला माग काढेल, हे तो काढताना कधी मनातही आलं नव्हतं.

"रंग कुठला देऊ?"

"तुमच्या मनाने. फक्त हे मासे आहेत तिथेच परत हवेत." बोलता बोलता त्याची नजर आतल्या दाराशी गेली. तिथे शाळेचे बूट पडले होते. "मुलगी आहे वाटतं? कितवीत?"

"चौथीत," ती म्हणून गेली, आणि मग जीभ चावली.

तो गेला तशी तिने दाराला आतून कडी घातली आणि खालीच बसली. शोधून काढलं होतं त्या घरच्यांनी.

त्या घरात तिने सगळ्यांचं केलं होतं. सगळ्यांनंतर जेवायचं, सगळ्यांआधी उठायचं. पोरीला न्हाऊ घालणं, ताप आला की उशाशी बसणं, तेही तिच्याकडेच. बाकीच्यांना कामधंद्यातून सवड कुठे होती? पोरगी तिला माई म्हणायची, तेव्हाही आणि आताही. मग एके दिवशी तिलाच सांगण्यात आलं, की आता तू तुझं बघ. त्याच दुपारी ती तीन वर्षांच्या पोरीचं बोट धरून निघाली ती मागे न बघता. पोरीवाचून आपण जगणार नाही, एवढंच तिला तेव्हा कळत होतं. आजही त्यापलीकडे काही कळत नव्हतं.

माळ्यावरची बॅग तिने खाली काढली, आणि पुन्हा वर ठेवली. पळालं की त्यांची खात्रीच पटणार. त्यापेक्षा काहीच माहीत नसल्यासारखं काम करून द्यावं. खुणांवरून आकार कळतो, रंग थोडाच कळतो? एक लाल, एक पिवळा आणि तुटक्या शेपटीचा हिरवा, हे फक्त त्या घरच्यांना ठाऊक. तिने डबा गडद निळा केला आणि तिन्ही मासे पांढरेशुभ्र. तिसऱ्याला झोकात अख्खी शेपटी काढली.

पण दाराशी मांजर आलं तरी ती कडी तपासायला उठे. ब्रश दोनदा हातातून पडला.

"माई, तुला बरं नाहीये का?" पोरीने विचारलं.

"थिनरचा वास चढलाय डोक्यात. तू अभ्यास कर, मुकाट्याने."

"अभ्यासाचं नाव काढलं की तूच बरी होतेस," पोरगी म्हणाली. एरवी रंगवाली हसली असती.

डबा न्यायला तो शाळेच्या वेळेत येणार होता. पण पोरीला नेमकी सर्दी झाली आणि ती घरीच राहिली. "आतून हलायचं नाही," रंगवालीने बजावलं.

त्या चकचकीत बूटवाल्याबरोबर या खेपेला एक बाई होती. भांगात पांढरे केस, खांद्याची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. रंगवालीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली ती घातलीच. मग रंगवालीनेच डब्यावरचं फडकं ओढलं.

दोन मासे पांढरे होते. तिसरा हिरवागार होता, आणि त्याची अर्धी शेपटी निळ्या रंगाने पुसलेली होती.



"हा कोणी रंगवला?" बाईने विचारलं.

"मी," आतल्या दारातून पोरगी म्हणाली. नाक लाल, हातात रुमाल. "काल माई बाजारात गेली होती तेव्हा. चुकलं का?"

"नाही गं. पण हिरवाच का?"

"तो हिरवाच असतो." पोरीने खांदे उडवले. "आणि शेपटी मी खाल्ली होती."

बाईने टेबलाची कड धरली. ती आवाज न करता रडत होती. बूटवाला मागे सरून दाराशी उभा राहिला, पण बाहेर गेला नाही.

पोरगी घाबरून रंगवालीला बिलगली. "माई, ह्या कोण?"

रंगवालीने फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"माझी ताई," ती म्हणाली. "तुझी आई."