कयलचा पहिला शब्द

"बोल ना गं राणी. काय आहे हे?"

मंजुषाबाईंनी चेंडूचं चित्र तिसऱ्यांदा वर धरलं. बालवाडी सुटली होती. कयल त्यांच्या मांडीवर अंग चोरून बसली होती आणि दाराशी तिची आई, सेल्वी, उभी होती.

कयलचे वडील तोफखान्यात. तामिळनाडूतून बायको-मुलीला घेऊन देवळाली कॅम्पला आले आणि बिऱ्हाड लागतंय न लागतंय तोच त्यांना सीमेवर धाडलं. जूनपासून कयल बालवाडीत येत होती. घरी आईशी तिची अखंड टकळी चालायची. इथे मात्र चार महिन्यांत तिनं तोंडातून एक शब्द काढला नव्हता. मदतनीस सरुबाई म्हणायच्या, "मूग गिळून बसलीय नुसती पोर."

आज सकाळी सेल्वीनं सांगून टाकलं होतं. "इसका यहाँ मन नहीं लगता, मॅडम. दिवाली में नानी के पास छोड़ आऊँगी. कल टिकट निकालूँगी." नवरा सीमेवर, आणि आता चार वर्षांची लेकही दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासावर.

ते मंजुषाबाईंच्या फार मनाला लागलं. बावीस वर्षं त्या बालवाडी चालवत होत्या. रडणारी, चावणारी, फाटकावरून पळ काढणारी, सगळी पोरं त्यांनी माणसाळवली होती. भिंतीवर त्यांनी हौसेनं तक्ता लावला होता, त्यात निरनिराळ्या राज्यांची मुलं हातात हात धरून उभी होती. पंधरा ऑगस्टला त्यांनी आपल्या मुलांनाही तसंच नटवून उभं केलं होतं. आणखी काय करायचं माणसानं? पण ही पोर गोष्टीच्या वेळीसुद्धा, बाकीची त्यांच्या मांडीसाठी ढकलाढकली करत असताना, दाराजवळ चपलांपाशी बसून राहायची. लाजते, असं त्या सगळ्यांना सांगत.

म्हणून आज मुलं गेल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं होतं. पहिल्यांदाच मांडीवर घेतलं होतं.

"सांग बाळा. काय आहे?"

"आमचा," कयल हळूच म्हणाली.

मंजुषाबाई हरखून गेल्या. त्यांनी घाईघाईनं बाहुलीचं चित्र वर धरलं.

"आमची."

घसरगुंडी. "आमची." लाकडी घोडा. "आमचा." बालवाडीत जे जे होतं, त्याचीच ती चित्रं होती, आणि पोर एकदाही चुकली नाही. व्याकरणाचं पुस्तकच गिळलं होतं की काय कोण जाणे.

"क्या बोली, मॅडम?" सेल्वीनं विचारलं.

"हमारा बोलती है! बॉल हमारा, गुड़िया हमारी. सब हमारा! अब ये यहाँ की हो गई, सेल्वी."

सेल्वीनं तोंडाला पदर लावला. रडता रडता ती हसत होती. "तो नहीं भेजती," ती म्हणाली. "टिकट नहीं निकालती."

तेवढ्यात विसरलेली पाण्याची बाटली न्यायला तृप्ती धावत आत आली. भगूरकडच्या फूलवाल्यांची ही लेक, राग कायम नाकावर. बाईंचं बोलणं तिनं दारातूनच ऐकलं होतं; चित्रं दिसताच ती थांबली.

"बाई, चेंडू कुणाचा म्हणती ती?"

"आमचा म्हणतेय. बघ, किती छान बोलायला लागली."

"तिचा नाय तो," तृप्ती म्हणाली. "आमचा हाय. तिला म्हाईत हाय ना. आम्ही रोज सांगतो तिला."

कयलनं चेंडूचं चित्र उचललं आणि शहाण्यासारखं तृप्तीच्या हातात दिलं. "आमचा," ती म्हणाली. मग बाहुलीचं दिलं. "आमची."

चार महिने खेळाच्या तासाला हेच मंजुषाबाईंच्या कानांवर पडत होतं. आमचा हाय, सोड. आमची हाय, उतर. पोरांची भांडणं म्हणून त्यांनी कधी हजेरीच्या वहीतून मान वर केली नव्हती. सेल्वी अजून डोळे पुसत हसत होती. आमचं काय आणि आपलं काय, हिंदीत तिला शब्द एकच मिळाला होता.

चित्रं संपली. विचारायचा धीर होत नव्हता, तरी मंजुषाबाईंनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"आणि मी गं?"

कयलनं त्यांच्याकडे पाहिलं, मग तृप्तीकडे पाहिलं. ती मांडीवरून हळूच खाली उतरली आणि चपलांपाशी जाऊन उभी राहिली.

"आमच्या," ती म्हणाली.