नलूची धून

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गिरगावात गोळीबार झाला, तेव्हा मनमोहन तळपद्यांची नलू गॅलरीत उभी होती. दहा वर्षांची पोर जागीच गेली. मनमोहन एका मोठ्या वाद्यवृंदाचा संचालक. त्यानं लेकीच्या आठवणीत एक रचना बांधली, पण वाद्यवृंदाच्या कमिटीनं ती मैफलीत घेतली नाही. "तळपदे, तिकीट काढून रडायला कोण येणार?"

पोटासाठी तो सिनेमातही अरेंजर होता, गाण्यांचा नि पार्श्वसंगीताचा वाद्यमेळ बसवून द्यायचा. एका दिग्दर्शकाला आईच्या मरणाच्या प्रसंगासाठी संगीत हवं होतं. मनमोहननं नलूची धून दिली, स्वतः उभं राहून वाजवून घेतली. रेकॉर्डिंग संपलं तेव्हा व्हायोलिनवाले डोळे पुसत होते.

सिनेमा लागला, तसा तो बायकोला, सुमतीला, घेऊन दादरला पहिल्याच दिवशी गेला. मरणाचा प्रसंग येईना. तो कापूनच टाकला होता. मग विनोदी नट सुटलेलं धोतर सावरत, धडपडत पळू लागला आणि त्याच्या मागे वेग वाढवून नलूची धून वाजायला लागली. थिएटर हसून हसून बेजार झालं.

सुमतीनं त्याचा दंड घट्ट धरला. "अहो, थांबवायला सांगा ना कुणाला तरी!"

तो उठून उभा राहिला. कुणाला सांगायचं ते त्याला कळेना. मागून कुणीतरी "ए, खाली बस!" म्हणून ओरडलं, आणि तो बसला.

"वन्स मोअर! वन्स मोअर!" पडद्यापुढच्या स्वस्त पिटातून शिट्ट्या सुरू झाल्या. पडदा पांढरा झाला. ऑपरेटर रीळ मागे घेत होता.