सूप, वन बाय टू

"अहो, याला चवच नाही," म्हणत हिनं व्हिनेगरमधल्या मिरच्यांची अख्खी वाटी आपल्या सूपमध्ये ओतली. केमो संपल्यानंतर हिनं पहिल्यांदाच आपणहून काही मागितलं होतं: आमच्या नेहमीच्या चायनीज हॉटेलातलं हॉट अँड सावर सूप. नेहमीसारखंच वन बाय टू, एकाच सूपचे दोन बाऊल.

मी माझ्या बाऊलमधलं सूप प्यायलो. तीच चव होती, आंबट, झणझणीत. मग हिच्या बाऊलमधलं चमचाभर घेतलं, तर घसाच पेटला.

"आहे का काही चव?" ही माझ्याकडे टक लावून बघत होती.

मी वेटरला हाक मारली. "हे काय सूप आहे? नुसतं गरम पाणी! आचारी बदललात का?" वर्षानुवर्षं आम्हाला हसून वाढणारा तो माणूस खाली मान घालून "सॉरी साहेब" म्हणाला आणि दोन्ही बाऊल उचलून घेऊन गेला.

हॉटेलच्या पायऱ्या उतरताना ही थांबली. डोक्याला बांधलेल्या स्कार्फच्या टोकानं हिनं माझं नाक पुसलं.

"उगाच बोललात त्या बिचाऱ्याला," ही म्हणाली. "तिखटानं अजून गळतंय बघा."