दर दहा मिनिटांनी

नोकरी सांभाळून इंजिनिअरिंग मॅनेजमेंटचं ऑनलाइन मास्टर्स करणं म्हणजे तारेवरची कसरत. मी कारखान्यात असताना घरी लॅपटॉपवर लेक्चर चालू असायचं आणि दर दहा मिनिटांनी येणारं हजेरीचं बटण बाबा दाबायचे. उभा जन्म लेथ मशीनवर काढलेल्या माणसाला तेवढाच विरंगुळा, अशी मी मनाची समजूत घातली. परीक्षेचं काय, मित्राची उत्तरं उतरवून निभावलं.

पदवी हातात आली त्या दिवशी बाबांनी गच्च भरलेल्या दोन वह्या माझ्यापुढे ठेवल्या. शेवटच्या पानावर सतरा प्रश्न होते.



"बाकीचं कळलं रे, एवढंच अडलंय. तुझ्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून थांबलो होतो," चष्मा पुसत ते म्हणाले, "आता समजावशील?"