सहभागाचे दहा गुण

चिंचवडच्या आमच्या कॉलेजात वर्गातल्या सहभागाला दहा गुण असतात. दीक्षाला मी दोन दिले. यादी लागल्यावर चिखलीची ही अबोल मुलगी स्टाफरूममध्ये आली. "मॅडम, मी एकही तास चुकवला नाही. मग दोनच का?" "वर्षभरात एकदा तरी तोंड उघडलंस?" मी विचारलं. "उघडलं होतं. पहिल्याच आठवड्यात शंका विचारायला उठले, 'मला कळलं न्हाई' म्हणाले. तुम्ही म्हणालात, 'आधी नाही म्हणायला शिक.' सगळा वर्ग हसला. तुम्हीही. घरी सराव केला, पण वर्गात पुन्हा बोलायची हिंमत झाली नाही." मला त्यातलं काहीच आठवेना. मी तिची माफी मागितली, यादीवर दोनाचे आठ केले आणि म्हटलं, "त्या दिवशीची शंका सांग, आत्ता समजावते." दीक्षा हळूच म्हणाली, "आता नाही आठवत, मॅडम."