विमानतळाच्या गाडीची मोजणी

मुंबईहून लांबच्या नव्या विमानतळाला जाणाऱ्या सुसाट रेल्वेची मोजणी एकदा खालापुरात आली. लाल खुंट्यांची रांग थेट गौराबाईच्या भातखाचरात शिरली.

"साहेब, पलीकडच्या माळावरनं न्या की गाडी."

"बाई, वेगाची गाडी आहे. ती अशी वळत नाही."

पुढची खुंटी ठोकायची होती तिथंच चिखलात गौराबाईची म्हैस बसली होती. माणसांनी तिला ओढलं, ढकललं, शेपूट पिळलं, ती हलेना. दुपार टळली.

"बाई, तुम्ही तरी उठवा हिला!"

"माझं कोन ऐकतंय, साहेब?"

शेवटी साहेबांनी वैतागून नकाशावर रबर फिरवलं आणि रेघ माळावर नेली.

जीप दिसेनाशी झाल्यावर गौराबाई हळूच म्हणाली, "चल गं घरला."

म्हैस लगेच उठली.